२०२० चे हायस्कूल ग्रॅज्युएट्स : या वर्षी मुलांचं कौतुक कसं करायचं?

मोगरा_जर्सी | ५ मे २०२०

मंडळी, काल आमच्या गव्हर्नरांनी जाहीर केलं की कोरोनामुळे न्यू जर्सीतल्या शाळा या शैक्षणिक वर्षात आता उघडणारच नाहीत. अंदाज होताच, तरी बातमी ऐकल्यावर लेकीकडे बघवेना. ती सीनियर आहे, म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. प्रॉम (निरोपाची नाच-पार्टी) गेला, ट्रॅकचा (धावण्याच्या शर्यतींचा) शेवटचा सीझन गेला, आता जूनमधलं ग्रॅज्युएशनही गेलं. माझे आई-बाबा खास त्यासाठी पुण्याहून येणार होते. मार्चपासून विमानंच बंद, त्यामुळे तिकिटं रद्द झाली.

मागच्या आठवड्यात शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीत बसूनच कॅप आणि गाऊन घेतला. मास्क लावलेल्या सरांनी खिडकीतून पिशवी आत दिली, हात हलवला, आणि मागची गाडी पुढे आली. गाऊन अजून घडीच्या रेघांसकट तिच्या खोलीच्या दाराला टांगलेला आहे. कॅपच्या टॅसलला, म्हणजे गोंड्याला, २०२० चा सोनेरी आकडा लटकवलाय. येता-जाता ती तो बोटाने फिरवते, बोलत काही नाही.

शाळा व्हिडिओ करणार आहे. प्रत्येकाचा फोटो आणि नाव, काही सेकंद. शाळेचा दोष नाही, ते त्यांच्या परीने करताहेत. पण बारा वर्षांच्या शिक्षणाची सांगता एवढ्यावर होऊ नये असं मला मनापासून वाटतं. आमच्या ओळखीची आणखी तीन मराठी मुलं गावात सीनियर आहेत, चौघांचं मिळून काही करता येईल. अटी दोनच : कोणाच्या तब्येतीला धोका नको, आणि पुण्याचे आजी-आजोबा त्यात हवेत. तुमच्याकडे काय चाललंय ते सविस्तर लिहा.

ह्यूस्टनवासी | ५ मे २०२०

आमच्या सबडिव्हिजनमध्ये गाड्यांची मिरवणूक ठरली आहे. त्याची जुळवाजुळव माझ्याकडे असल्यामुळे थोडं सांगतो.

सगळ्या गाड्या आधी एका मोकळ्या पार्किंगमध्ये जमवा. पोलिसांच्या नेहमीच्या नंबरवर (आणीबाणीचा ९११ नव्हे) दोन-तीन दिवस आधी फोन करा. काही गावांत परवानगी लागते, काही ठिकाणी पोलीस स्वतःच एक गाडी पुढे देतात. सीनियर मुलांच्या घरांचा क्रम नकाशावर आखून तो प्रत्येक ड्रायव्हरला पाठवा, नाहीतर पहिल्याच चौकात रांग तुटते. मुलं आपापल्या ड्राइव्हवेवर कॅप-गाऊन घालून उभी राहतील, गाडीतून कोणी उतरायचं नाही. सनरूफमधून धाकट्या भावंडांना बाहेर काढू नका, हे मी सगळ्यांना लिहून पाठवलंय. आनंदाच्या दिवशी अपघात नको.

अंगणात लावायच्या अभिनंदनाच्या पाट्या (यार्ड साइन) आताच ऑर्डर करा. छापणाऱ्यांकडे भरपूर गर्दी आहे.

सावली | ६ मे २०२०

मिरवणुकीला विरोध नाही, पण त्याआधी मुलांना विचारा. माझा मुलगा लाजाळू आहे. रस्त्यावर उभं राहायचं आणि अनोळखी गाड्या हॉर्न वाजवत जाणार, या कल्पनेनेच तो खोलीत जाऊन बसला. मी विचारलं, "मग तुला ग्रॅज्युएशनमधलं नेमकं काय हवं होतं रे?" बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझं नाव घेतलं असतं ना, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या."

मला तेव्हापासून वाटतंय की समारंभाचा गाभा एवढाच आहे. ओळखीच्या माणसांसमोर पूर्ण नाव मोठ्याने घेतलं जाणं आणि त्या नावाला उत्तर म्हणून चार पावलं चालून जाणं. ते जमलं तर फुगे, केक, बॅनर काही नसलं तरी चालेल. तेच नसेल, तर बाकीचं कितीही केलं तरी मुलाला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटेल.

अबोली | ६ मे २०२०

सावली, अगदी अनुमोदन. हा प्रतिसाद माझ्या मुलीला वाचून दाखवला, तर ती म्हणाली मला लिहायचंय. ती सांगतेय तसं टाइप करते :

"नमस्कार. मी पण सीनियर आहे. आम्ही १३ मार्चला, शुक्रवारी, घरी आलो तेव्हा दोन आठवड्यांनी परत जाऊ असं सांगितलं होतं. लॉकरमध्ये माझं जॅकेट आहे अजून. कोणाला नीट बाय पण केलं नाही. एपीच्या (कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) परीक्षा आता घरून ऑनलाइन आहेत, पंचेचाळीस मिनिटांच्या, त्याचा अभ्यास चालू आहे, त्यामुळे वर्ष संपतंय असं वाटतच नाही.

मला सर्वात जास्त काय हवंय तर यिअरबुकवर सह्या. म्हणून आमच्या ग्रुपने एक ठरवलं. एकीचं यिअरबुक दुसरीच्या दारात ठेवायचं, एक दिवस तसंच राहू द्यायचं, मग तिने लिहायचं आणि पुढच्या घरी न्यायचं. वेळ लागेल पण लागू दे. मला तर आवडतंय, कारण शाळेत सगळे घाईघाईत 'हॅव अ ग्रेट समर' लिहितात, आता लोक पूर्ण पान लिहिताहेत.

आणि काका-मावशींना विनंती, आम्हाला सारखं 'तुमची ऐतिहासिक बॅच' म्हणू नका. आम्ही ९/११ च्या आसपास जन्मलो आणि साथीत ग्रॅज्युएट झालो हे आम्ही प्रत्येक भाषणात ऐकतोय. आम्हाला आमच्याबद्दल ऐकायचंय. मी चार वर्षं व्हायोला वाजवला, त्याबद्दल कोणीतरी बोला."

मी (आई) एवढंच जोडते की शेवटचं वाक्य टाइप करताना माझे हात थांबले.

गणिताची_बाई | ७ मे २०२०

मेरीलँडमध्ये हायस्कूलला शिकवते. काल आमच्याकडेही शाळा वर्षभर बंद राहतील असं जाहीर झालं. अबोलीताई, तुमच्या लेकीला सांगा, तिच्या ऑर्केस्ट्राच्या शिक्षकांना थेट ईमेल कर. शिक्षकांनाही निरोप घ्यायचा राहिलाय. आम्हीसुद्धा चार वर्षं पाहिलेली मुलं एका शुक्रवारी गमावली.

पालकांना सुचवेन : मुलाला शाळेतल्या ज्या माणसांनी घडवलं त्यांना पत्र लिहून दोन वाक्यं मागा. फक्त वर्गशिक्षक नव्हे, बसचे ड्रायव्हर काका, लायब्ररीयन, मधल्या शाळेतल्या बाई, पोहायला शिकवणारे कोच. "तुम्हाला याची आठवलेली एक गोष्ट सांगा" एवढंच विचारा. "शुभेच्छा द्या" म्हणालात तर सगळे तेच तेच लिहितील. गोष्ट मागितलीत तर गोष्ट मिळेल. माझ्याकडे अशी मागणी आली तेव्हा मला एक मुलगा आठवला, जो प्रत्येक चाचणीच्या मागे पेन्सिलने बोटीचं चित्र काढायचा. त्याच्या आईला हे माहीतच नव्हतं.

एक काळजीची गोष्ट. फेसबुकवर 'अडॉप्ट अ सीनियर'चे गट जोरात आहेत. अनोळखी लोक मुलांना भेटीच्या टोपल्या पाठवतात, हेतू चांगला आहे. पण त्यात मुलाचं पूर्ण नाव, शाळा, फोटो, आवडीनिवडी आणि कधी घराचा पत्ताही जातो. तसंच, सीनियर मुलांना साथ म्हणून मोठी माणसं स्वतःचे जुने हायस्कूलचे फोटो शाळेच्या नावासकट आणि वर्षासकट टाकताहेत. बेटर बिझनेस ब्युरो या ग्राहकांना फसवणुकीपासून सावध करणाऱ्या संस्थेने त्याबद्दल इशारा दिला आहे, कारण बँकेच्या खात्याचे सुरक्षा प्रश्न याच माहितीवर असतात. यार्ड साइनचा फोटो टाकताना घराचा क्रमांक दिसत नाही ना ते बघा.

बोस्टनकर | ९ मे २०२०

मोगराताई, आजी-आजोबांच्या अटीबद्दल. माझं काम याच क्षेत्रातलं असल्याने जरा बारकाईने लिहितो.

वेळ : तुमच्या पूर्व किनाऱ्याची घड्याळं सध्या भारताच्या साडेनऊ तास मागे आहेत. रविवारी सकाळी साडेदहाला ठेवलंत तर पुण्यात रात्रीचे आठ. जेवणं लवकर उरकतील, आणि वय झालेल्यांना जागरणही नाही.

झूमची मोफत मीटिंग तिघे किंवा जास्त जण असले की चाळीस मिनिटांत बंद होते. चार मुलांचं चाळीस मिनिटांत आटपायचं नाही, तर महिन्याभराचं सशुल्क खातं एकाने घ्यावं. पासवर्ड आणि वेटिंग रूम चालू ठेवा, सध्या परके लोक घुसण्याचे प्रकार झाले आहेत. सगळ्यांना म्यूट करा, फक्त टाळ्यांच्या वेळी उघडा. एकदम पन्नास माइक उघडले की झूम एकाचाच आवाज पुढे आणतो, त्यामुळे टाळ्यांचा कडकडाट ऐकू येत नाही. उपाय : टाळ्या आधीच फोनवर रेकॉर्ड करून मागवा, एकत्र करा आणि नाव घेतल्यावर त्या वाजवा. स्क्रीन शेअर करताना 'कॉम्प्युटरचा आवाज शेअर करा' वर खूण हवी, नाहीतर तो आवाज फक्त तुम्हालाच ऐकू येतो.

सर्वात महत्त्वाचं, आदल्या दिवशी पुण्याशी पंधरा मिनिटांची रंगीत तालीम. आजोबांनी फोन कानाला लावायचा नाही, समोर टेकवून ठेवायचा, हे तेव्हाच सांगून होतं.

आणि नाव आजीने घ्यावं. प्राचार्यांनी नव्हे, तुम्ही नव्हे. पूर्ण नाव, वडिलांचं नाव मध्ये घालून, जसं आपल्याकडे घेतात तसं. इथल्या शाळेत आपल्या मुलांच्या नावांचा उच्चार दरवेळी अडखळतच होतो. एकदा तरी ते नाव नीट उच्चारलं जाऊ दे.

मोगरा_जर्सी | ९ मे २०२०

बोस्टनकर, तुमचा शेवटचा परिच्छेद आईला फोनवर वाचून दाखवला. ती आतापासूनच सराव करतेय. खूप आभार.

ह्यूस्टनवासी | १७ मे २०२०

काल रात्री सगळ्या मोठ्या चॅनेलवर एकत्र ग्रॅज्युएशनचा कार्यक्रम होता, कोणी पाहिला का? बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सच्या फाउंडेशनचा त्यात पुढाकार होता. आम्ही टीव्हीसमोर मुलाला गाऊन घालून बसवलं. बराक ओबामांनी तीन गोष्टी सांगितल्या : घाबरू नका, जे योग्य वाटतं ते करा, आणि माणसं जोडा. मुलाला मात्र वेगळंच भावलं. मोठ्या माणसांकडे सगळी उत्तरं असतात असं तुम्हाला वाटायचं, तसं नसतं हे आता दिसलं, अशा अर्थाचं ते बोलले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

टेक्सासमध्ये आणखी एक चाललंय. फोर्ट वर्थच्या टेक्सास मोटर स्पीडवेवर, म्हणजे मोटारींच्या शर्यतीच्या मैदानावर, डेंटन काउंटीतल्या शाळांची ग्रॅज्युएशनं होताहेत. कुटुंबं आपापल्या गाडीत, समोर अवाढव्य पडदा, मुलं एकेक करून येतात. भाचा त्यात आहे. बहीण म्हणाली, गाडीत असूनही रडू यायचं ते आलंच.

सावली | १८ मे २०२०

आमच्या गावात शुक्रवारी रात्री ८ वाजून २० मिनिटांनी शाळेच्या फुटबॉल मैदानाचे सगळे दिवे लावतात. ८:२० म्हणजे चोवीस तासांच्या घड्याळात २०:२०. वीस मिनिटं आणि वीस सेकंद दिवे चालू ठेवतात आणि मग बंद करतात. 'बी द लाइट' म्हणून देशभर बऱ्याच शाळांनी हे केलंय. मैदानात कोणी जात नाही, लोक गाडीत बसून बघतात. माझा लाजाळू मुलगा याला मात्र आपणहून आला. तो काही खेळाडू नाही, पण मैदानाच्या कडेच्या बाकावर त्याचे मित्र जेवायचे म्हणे. ते बाक उजेडात दिसत होते.

रातराणी | १९ मे २०२०

बरेच दिवस हा धागा वाचतेय. लिहू की नको करत होते. मी क्वीन्समध्ये राहते, नर्स आहे. एप्रिलमध्ये आमच्या घरातलं एक वडीलधारं माणूस या आजाराने गेलं. दवाखान्यात भेटायला कोणाला जाता आलं नाही. लेक सीनियर आहे. तो म्हणतो, मला काही नको, कॅप पण नको. बिल्डिंगमध्ये रोज संध्याकाळी सातला लोक खिडकीतून टाळ्या वाजवतात आमच्यासाठी, ते ऐकल्यावर तो खिडकी लावून घेतो.

त्याच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही. पण काहीच केलं नाही तर पुढे त्याला वाटेल का की आपलं कोणाला पडलेलंच नव्हतं?

गणिताची_बाई | १९ मे २०२०

रातराणी, तुमच्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. वर्गात अशी मुलं पाहिली आहेत, त्यावरून लिहिते. "नको" म्हणणारं मूल बहुतेक वेळा "आत्ता नको" म्हणत असतं. ग्रॅज्युएशनला जूनची मुदत नाही. त्याला सांगा की तुझी कॅप आणि गाऊन कपाटात ठेवलाय, तुला कधी वाटलं तर काढू, दिवाळीत, पुढच्या वर्षी, कधीही. दरम्यान गेलेल्या माणसाबद्दल त्याच्याशी बोला. त्यांना त्याच्या ग्रॅज्युएशनचं अप्रूप असेल तर तेही सांगा. पत्रं मात्र आत्ताच मागवून ठेवा, कारण शिक्षक बदलतात, निवृत्त होतात. पाकीट बंद करून ठेवा. तो मागेल तेव्हा द्या.

रातराणी | २० मे २०२०

ताई, पत्रांचं करते. त्यांना अप्रूप होतंच. कॉलेजचा स्वेटशर्ट त्यांनीच आधी मागितला होता.

अबोली | ८ जून २०२०

काल यूट्यूबवर मोठा कार्यक्रम झाला, ओबामा दाम्पत्य, गायिका बियॉन्से, बीटीएस हा कोरियन बँड, सगळे होते. लेक बीटीएससाठी बसली होती आणि मी सुंदर पिचाईंसाठी थांबले. ते म्हणाले की ते अमेरिकेत शिकायला आले तेव्हा वडिलांनी त्यांच्या तिकिटासाठी जवळपास वर्षाचा पगार खर्च केला होता आणि तो त्यांचा आयुष्यातला पहिला विमानप्रवास होता. माझ्या बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून मला पाठवलं होतं. हे लेकीला कधी सांगितलंच नव्हतं. काल रात्री सांगितलं. माझ्या दृष्टीने तेच मोठं ग्रॅज्युएशन झालं.

आणि हो, यिअरबुक परत आलं! व्हायोलाबद्दल सरांनी दोन पानं लिहिली आहेत.

पहाडी_वारा | १४ जून २०२०

न्यू हॅम्पशायरमधून. काल नॉर्थ कॉनवेच्या केनेट हायस्कूलची मुलं क्रॅनमोर डोंगरावर स्कीच्या चेअरलिफ्टने वर गेली आणि माथ्यावर डिप्लोमा घेतला. पाळण्यात एक कुटुंब, गाऊन वाऱ्यावर. फ्लोरिडात की वेस्टला एका छोट्या शाळेची मुलं जेट स्कीवरून (पाण्यावरच्या स्कूटरवरून) आली, आणि प्राचार्यांनी बोटीतून लांब दांड्याच्या चिमट्याने डिप्लोमा दिला. डेटोना स्पीडवेवरही मेच्या शेवटी दोन शाळांची ग्रॅज्युएशनं झाली.

हे सगळं बघताना जाणवलं की जमलं ते तिथल्याच गोष्टीतून जमलं. डोंगर होता तिथे डोंगर, पाणी होतं तिथे पाणी. कोणी विमानाने फुलं आणली नाहीत. तुमच्या गावात लायब्ररीच्या पायऱ्या असतील, तर त्या पायऱ्यांवर करा. एकेक कुटुंब वेळ ठरवून येईल, सहा फुटांचं अंतर आपोआप पाळलं जाईल. कागदी आकाशकंदील मात्र सोडू नका. बऱ्याच राज्यांत बंदी आहे आणि आमच्याकडे रानं कोरडी आहेत.

मोगरा_जर्सी | १५ जून २०२०

काल झालं! सगळ्यांना वृत्तांत द्यायचाच होता.

चौघांचं एका घरी मिळून केलं नाही, प्रत्येक मूल आपापल्या ड्राइव्हवेवर आणि चारही घरं झूमवर. बाहेर लॅपटॉपचा पडदा उन्हात दिसत नव्हता, म्हणून तो खोक्यात आडवा ठेवून सावली केली. ड्राइव्हवेवर खडूने रेघ मारली, स्टेजसारखी. सुरुवातीला ग्रॅज्युएशनला नेहमी वाजतो तो एल्गरचा मार्च होता, आणि तो वाजवला अबोलीताईंच्या लेकीने, व्हायोलावर. अनोळखी घरांसाठी, आपणहून. तिने आधी रेकॉर्ड करून पाठवला होता.

शिक्षकांच्या गोष्टी प्रत्येक मुलाच्या आधी वाचल्या. माझ्या लेकीच्या ट्रॅक कोचनी लिहिलं होतं की ती स्वतःची शर्यत संपली तरी शेवटच्या मुलीला टाळ्या द्यायला फिनिश लाइनवर थांबायची. आम्ही इतक्या शर्यतींना गेलो, आम्हाला वाटायचं ती पाणी प्यायला थांबलीय.

मग आईने नाव घेतलं. सगळा सराव बाजूला ठेवून ती मध्येच थांबली, चष्मा पुसला, आणि पहिल्यापासून पुन्हा घेतलं. लेक रेघेच्या पलीकडे चालत गेली, टॅसल उजवीकडून डावीकडे केलं. शेजारच्या काकू त्यांच्या पोर्चवर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मास्क लावलेला, तरी त्या हसताहेत हे कळत होतं.

गव्हर्नरांनी ६ जुलैपासून मोकळ्या जागेत अंतर ठेवून ग्रॅज्युएशनला परवानगी दिली आहे, त्यामुळे शाळेचंही बहुतेक होईल. लेक जाणार आहे.

आता एक अडचण. आईला तो व्हिडिओ हवाय, सगळ्या नातेवाइकांना दाखवायला. व्हॉट्सअ‍ॅपवरून जातच नाही. काय करू?

बोस्टनकर | १५ जून २०२०

वाचून फार आनंद झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर फार मोठा व्हिडिओ जात नाही, आणि गेला तरी चित्र फाटतं. दोन गोष्टी करा. पूर्ण व्हिडिओ यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवून चढवा. ज्यांच्याकडे लिंक आहे त्यांनाच दिसेल, शोधून सापडणार नाही. बाकी तिघांच्या पालकांना आधी विचारा, त्यांची मुलंही त्यात आहेत. आणि आजीने नाव घेतल्यापासून टॅसल फिरवेपर्यंतचा तुकडा वेगळा कापा. तो मिनिटभराचा होईल, व्हॉट्सअ‍ॅपवर सहज जाईल, आणि आजींना लिंक उघडायला कोणाची वाट बघावी लागणार नाही. कापता येत नसेल तर मला मेसेज करा, मी करून देतो.